"सिस्टर व्हायचंय", "फादर व्हायचंय" असं लेकरू म्हणते तेव्हा: पाचारण पारखायचं कसं? (विदर्भ, गावखेडं)

वैनगंगा_काठ
दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की सिस्टर-फादरांच्या धर्मसंस्थांचे व्होकेशन प्रमोटर (नवे उमेदवार शोधणारे) गावोगाव फिरतात. दहावी-बारावीच्या पोरापोरींना नागपूरला, चंद्रपूरला, कधी थेट केरळला 'कम अँड सी' शिबिराला नेतात. मायबापाचे प्रश्न दरवर्षी तेच: किती वर्षं लागतात, कागद कोणते, मधातून परत आली तर काय, वावरातल्या हिश्श्याचं काय. आणि मुळात हे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे की चार दिवसांचं खूळ, हे ओळखायचं कसं?
फॉर्मेशन हाऊस (उमेदवारांच्या तयारीचं घर), पॅरिश (स्थानिक चर्च) ऑफिस, दवाखाना, तहसील यातलं ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. स्वतःच्या साक्षी नकोत जी, नेमकी माहिती द्या.

कॅनन_भाऊ
आधी एक गोंधळ मिटवू. 'चर्चमध्ये जाणं' हा एक रस्ता नाही.

धर्मप्रांताचा फादर हा बिशपचा माणूस. तो ब्रह्मचर्याचं आणि बिशपच्या आज्ञापालनाचं वचन देतो, गरिबीचं व्रत घेत नाही. स्वतःच्या नावावर बँक खातं, दुचाकी ठेवू शकतो. संस्थेचा फादर, ब्रदर किंवा सिस्टर तीन व्रतं घेतात: ब्रह्मचर्य, निर्धनता, आज्ञापालन. ब्रदर म्हणजे 'अर्धवट राहिलेला फादर' नव्हे, ते वेगळं पाचारण आहे. गावात हे कोणी सांगत नाही, म्हणून लॅटिन-फिलॉसॉफीत मन न रमणारी, पण दवाखान्यात, शेतीत, वर्कशॉपात जीव ओतणारी पोरं उगाच सेमिनरीच्या (फादर घडवणाऱ्या विद्यालयाच्या) रांगेत उभी राहतात.

कालावधीचा हिशोब असा. सिस्टर किंवा ब्रदरसाठी आधी अस्पिरन्सी (राहून पाहणं) आणि पोस्टुलन्सी (प्रवेशाची तयारी). यांची मुदत प्रत्येक संस्थेचा स्वतःचा नियम ठरवतो. मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा पक्क्या तयारीचा काळ: किमान १२ महिने, दोन वर्षांपेक्षा जास्त नाही (शंका राहिली तर आणखी ६ महिने वाढवता येतात). मग तात्पुरती व्रतं किमान ३ वर्षं, साधारण ६ पर्यंत, ताणून ताणून ९. त्यानंतर आजीवन व्रतं. नोव्हिशिएटला १७ वर्षं पूर्ण लागतात, पहिल्या व्रतांना १८, आजीवनला २१. म्हणजे १८व्या वर्षी घर सोडलेली पोरगी आजीवन व्रतांपर्यंत येते तेव्हा बहुधा पंचविशी ओलांडून गेलेली असते. मठात राहणाऱ्या, बाहेर काम न करणाऱ्या चिंतनशील नन्ससाठी २०१८ च्या रोमच्या सूचनांनुसार हाच काळ किमान ९ वर्षांचा.

फादरसाठी सुरुवातीला एक ते दोन वर्षं तयारीचा टप्पा, मग तत्त्वज्ञान २ वर्षं, ईशज्ञान ४ वर्षं, मध्ये बहुधा एक वर्ष प्रत्यक्ष काम. डीकन (फादरच्या आधीची पायरी) २३ च्या आधी नाही, फादर २५ च्या आधी नाही. बारावीनंतर दहा वर्षं धरून चाला.

मोहाचं_झाड
भाऊ, दहावीनंतर पोरगी कॉन्व्हेंटच्या होस्टेलात गेली की मग गावात तिला 'सिस्टर झाली' म्हणते, ते?

कॅनन_भाऊ
ते चुकीचं. अस्पिरंट ही विद्यार्थिनी असते. तिच्यावर कोणतंही व्रत नाही, कोणतंही बंधन नाही. नोव्हिस असली तरी ती कोणत्याही दिवशी 'मी जाते' म्हणू शकते आणि संस्थाही तिला परत पाठवू शकते. गावानं आधीच 'सिस्टर' म्हणून हार घातले की परतीचा रस्ता पोरीसाठी बंद होतो. निम्मं नुकसान तिथंच होते.

पराटीचं_बोंड
'ओळखायचं कसं' यावर लिहितो, कारण कागदांवर सगळेच लिहितील.

पाचारणाचं मोजमाप भावनेनं करायचं नाही. शिबिरात गिटार वाजते, मेणबत्त्या लागतात, शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. ते पाणी खोटं नाही, पण पुरावाही नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली रीत आजही बहुतेक फॉर्मेशन हाऊसमध्ये चालते. तिची सुरुवात १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागल्यानंतर झाली. अंथरुणात पडून दरबारी पराक्रमाची स्वप्नं पाहिली की त्या वेळी गोड वाटे, पण नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगायची कल्पना केली की नंतरही समाधान टिकून राही. फरक 'नंतर' मध्ये आहे. म्हणून नोंद ठेवायची ती शिबिराच्या दिवसाची नाही, शिबिरानंतरच्या तिसऱ्या आठवड्याची.

करायचं काय? शंभर पानी वही घ्या. रोज सकाळी त्या दिवसाचं शुभवर्तमान आणि २०-३० मिनिटं शांत बसणं. रात्री १५ मिनिटं दिवसाची उजळणी: आज जीव कशात हलका झाला, कशात जड झाला. दोन-तीन ओळी, तारखेसह. कमीत कमी एक वर्ष, म्हणजे एक पूर्ण हंगामचक्र: पेरणी, सोंगणी, लग्नसराई, उन्हाळा, सगळं त्यात आलं पाहिजे. गावात मिस्सा (फादर करतात ती मुख्य उपासना) महिन्यातून एकदाच होत असेल तर रोजच्या मिस्सेची सवय लागली नाही म्हणून पाचारण नाही असं समजू नका. पण फादर येतात त्या दिवशी पोरगं कुठं असते, हे पाहा.

वर्षभरानंतर चार रकाने: गेलो तर फायदा, गेलो तर तोटा, नाही गेलो तर फायदा, नाही गेलो तर तोटा. मुद्दे मोजायचे नाहीत, तोलायचे. इग्नेशियस म्हणतात मन तराजूच्या काट्यासारखं मधात असलं पाहिजे. जिनिंगवर कापूस नेणाऱ्याला हे सांगायची गरज नाही: काटा आधीच झुकलेला असेल तर माल कितीही चोख असो, वजन खोटंच येते.

आणि सगळ्यात उपयोगाचा नियम: मन उदास, कोरडं, घाबरलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, नवाही घ्यायचा नाही. सोयाबीन पाण्यात गेलं, घरात भांडण, नापास झाला, स्थळ मोडलं, त्या महिन्यात 'मी कॉन्व्हेंटमध्ये जाते' हा निर्णय घ्यायचा नाही. आत गेल्यावर नोव्हिशिएटच्या चौथ्या महिन्यात घरची आठवण येऊन 'मी घरी जातो' हाही त्याच नियमात बसते. उदासी ओसरू द्या, मग पुन्हा विचारा.

तांबडी_माती
बोंड भाऊंनी लिहिलं ते बरोबर, पण आमच्या इकडे अडचण दुसरी असते. पोरगी जायला तयार आहे ते नेमकं कशापासून, हे आधी पाहा. चार कारणं वारंवार येतात: अठरा होताच पाहुणे पाहायला येणार ही भीती, नर्सिंगला फुकट ॲडमिशन मिळेल ही आशा, बापाची दारू, आणि मायचा नवस.

नवसाचं तर ठासून सांगा. "हे लेकरू वाचलं तर देवाला देईन" असं माय बोलली असेल. कॅनन लॉच्या (चर्चच्या कायद्याच्या) ११९३ व्या कलमानुसार नवस करणाऱ्यालाच बांधतो, दुसऱ्या कोणालाही नाही. मायचा नवस मायनं दुसऱ्या रीतीनं फेडावा, फादर तो बदलून देऊ शकतात. २१९ वं कलम तर सरळ म्हणते की जीवनमार्ग निवडताना कोणावरही कसलीही जबरदस्ती चालणार नाही. जबरदस्ती, मोठी भीती किंवा फसवणूक यातून झालेला नोव्हिशिएट प्रवेश मुळातच रद्दबातल.

झेंडूचा_वाफा
ताई, पण कारण सुरुवातीला कच्चं असलं तरी पुढे पिकते की. शिक्षणासाठी गेलेल्या पोरी चांगल्या सिस्टर झाल्याच ना? आता पोरंच येत नाहीत, त्यात एवढी चाळणी लावली तर कॉन्व्हेंट रिकामे पडतील. लहान वयातच पाठवा, वळण लागते.

तांबडी_माती
कारण पिकते हे मान्य. पण पिकायला ते आधी उघड्यावर ठेवावं लागते. पोरगी प्रमोटरला "मला शिकायचंय आणि देवाची सेवाही करायचीय" असं बोलली तर उत्तम, सोबत काम करता येते. "फक्त सेवा" असं बोलून शिक्षण लपवलं तर बी.एस्सी. नर्सिंगचं शेवटचं वर्ष संपताच ती बाहेर पडते आणि दोन्हीकडून फसवणुकीची भावना राहते. आणि कॉन्व्हेंट भरणं ही पोरीची जबाबदारी नाही जी.

लहान वयाबद्दल म्हणाल तर आता तो प्रश्न कायद्याचाही आहे. अल्पवयीन लेकरू परराज्यात नेताना मायबाप दोघांचं सहीचं संमतीपत्र, संस्थेच्या लेटरहेडवर पूर्ण पत्ता आणि कोणत्या सुपिरियरकडे (घराच्या प्रमुखाकडे) चाललो ते, शाळेचा प्रवेश, आधारची झेरॉक्स, हे सोबत पाहिजे. जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्टेशनवर तरुणींना घेऊन चाललेल्या दोन सिस्टरांना अटक झाली, पुढे जामीन झाला. गोंदियाहून पूर्वेकडे जाणारी गाडी त्याच स्टेशनवरून जाते. शक्यतो बारावी इथंच होऊ द्या, अठरा पूर्ण होऊ द्या. तोवर सुट्टीत शिबिर, पत्रव्यवहार, महिन्यातून एक फोन पुरे.

जुनी_वही
पॅरिश ऑफिसच्या बाजूनं कागद सांगतो. इथंच सगळ्यात जास्त गाडी अडते.

बाप्तिस्म्याचा दाखला नवा काढलेला पाहिजे, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला मागतात. घरी फ्रेम करून ठेवलेला चालत नाही. कारण दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार), लग्न, आजीवन व्रतं या नोंदी मूळ रजिस्टरच्या समासात चढत जातात. नवा दाखला म्हणजे 'आजपर्यंत समासात काय लिहिलं आहे' याचा पुरावा. दृढीकरणाचा दाखला वेगळा. अविवाहित असल्याचं पॅरिश प्रीस्टचं पत्र. शिवाय टीसी, मार्कशीट, आधार, फोटो.

रजिस्टर कुठं शोधायचं? पन्नास वर्षांपूर्वी तुमचं गाव ज्या मिशन स्टेशनाखाली होतं तिथं. गावात आज चर्च आहे म्हणून वही तिथंच असेल असं नाही. नोंद सापडलीच नाही तर घाबरू नका: बाप्तिस्म्याला हजर असलेल्या एका विश्वासू साक्षीदाराचं निवेदन चालते, आणि बाप्तिस्मा मोठेपणी झाला असेल तर स्वतःच्या शपथेवरही भागते.

नावाचा घोळ: रजिस्टरमध्ये मारिया, टीसीवर मंगला, आधारवर मंगलाबाई. हे आता दुरुस्त करा, पोस्टुलन्सीत गेल्यावर नाही. पासपोर्ट, नर्सिंग कौन्सिल, बँक, सगळीकडे आडवं येते. शाळेच्या रेकॉर्डवरचं नाव प्रमाण धरून आधार त्याला जुळवा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र बाप्तिस्म्याच्या दाखल्याला जोडा. रजिस्टरात खाडाखोड करायला फादरना गळ घालू नका, ते करू शकत नाहीत.

मूळ मार्कशीट संस्थेत जमा करायची वेळ आली तर पोच घ्या आणि स्कॅन घरी ठेवा.

मेळघाटचा_रस्ता
आणि दुसऱ्या चर्चमधून आलेले? अमरावती-अकोला पट्ट्यात प्रोटेस्टंट घरं भरपूर आहेत.

जुनी_वही
पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावानं झाला असेल तर तो बाप्तिस्मा खरा. पुन्हा देत नाहीत, फक्त कॅथलिक चर्चमध्ये स्वीकार होतो आणि त्याची नोंद होते. त्यानंतर लगेच संस्थेत जाता येत नाही असं समजा. बहुतेक संस्था काही वर्षं पॅरिशमध्ये राहून या म्हणतात, आणि ते योग्यच आहे. नवा उत्साह आणि पाचारण सुरुवातीला सारखेच दिसतात.

कॅनन_भाऊ
यातच एक विदर्भाचा खास मुद्दा. नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, अमरावती १९५५ चा, हे दोन्ही लॅटिन (रोमच्या उपासना-परंपरेचे). पण चंद्रपूर-गडचिरोली-वर्ध्याचा चांदा धर्मप्रांत (१९७७ पासून धर्मप्रांत) सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या परंपरेच्या कॅथलिक चर्चचा आहे. तिथं सीएमआय ही सिरो-मलबार संस्था, नागपूरकडे १८३८ मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅनसीत स्थापन झालेली एमएसएफएस ही लॅटिन संस्था, अशा वेगवेगळ्या परंपरांच्या संस्था. तुमचं लेकरू कोणत्या चर्चचं हे दाखल्यावर लिहिलेलं असते, मिस्सा कुठं ऐकतो त्यावरून ते ठरत नाही. चौदाच्या आत बाप्तिस्मा असेल तर मायबापाप्रमाणे. लॅटिन मुलाला सिरो-मलबार संस्थेत नोव्हिशिएटला जायचं तर सहसा रोमची परवानगी लागते. मिळते, पण वेळ जातो. पहिल्याच महिन्यात प्रमोटरला विचारा, नोव्हिशिएटच्या आदल्या आठवड्यात नाही.

परिचारिका_०९
मेडिकलचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. संस्था रक्त, छाती, डोळे, दात बघतात. विदर्भातल्या लेकरांसाठी सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) रिपोर्ट आधीच करून ठेवा. उपकेंद्रात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट फक्त 'आहे-नाही' सांगते. वाहक (एएस) आणि आजारी (एसएस) यातला फरक तीत कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. नुसत्या 'पॉझिटिव्ह' च्या चिठ्ठीवर बाहेरच्या राज्यातले डॉक्टर गडबडतात आणि निरोगी वाहक पोरगी परत येते. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे रिपोर्टवर डॉक्टरकडून लिहून घ्या. एसएस असेल तर लपवू नका: थंडी, पाणी कमी पिणं, उपास, अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येतो, आणि नोव्हिशिएटच्या दिनक्रमात हे चारही असतात. सुपिरियरला माहीत असेल तर दिनक्रम सोयीचा करता येते.

मानसिक चाचणीही घेतात आता. ती उमेदवाराच्या स्पष्ट, समजून दिलेल्या संमतीशिवाय घेता येत नाही. रिपोर्ट कोण वाचणार, हे सही करण्याआधी विचारायचं.

वावरवाला
शेतीचं माझ्याकडून. पोरगी नोव्हिशिएटला निघाली की भाऊ लगेच हक्कसोड पत्र पुढे करतात: "तुले काय करायचं वावर?" थांबा बाप्पा.

एक, बाप जिवंत असेल आणि जमीन बापाच्या स्वतःच्या नावावर असेल तर ख्रिस्ती वारसा कायद्यात (भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५) लेकराला जन्मतः हिस्सा नाही. जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडून काय देणार? बाप गेल्यावर मात्र पोरगा-पोरगी सारखे वारस. दोन, आजोबाच्या जमिनीवर वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव चढलेलं असेल तर हक्कसोड खरं चालते, नोंदणीकृत झालं की परत फिरत नाही. तीन, आदिवासी कुटुंब असेल तर वारसा आणि हस्तांतरण दोन्हींचे नियम वेगळे. तालुक्याच्या वकिलाला विचारल्याशिवाय काहीच करू नका.

आणि कर्ज. पीककर्ज पोराच्या नावावर, मोटरसायकलचा हप्ता, मायच्या बचत गटात पोरगी जामीनदार, हे सगळं प्रवेशाआधी सांगायचं. फेडता न येणारं कर्ज असलेल्याला संस्थेनं घेऊ नये असा नियमच आहे.

कॅनन_भाऊ
वावरवाले भाऊ, चर्चचा नियमही तुमच्याच बाजूनं. पहिल्या व्रतांच्या आधी मालमत्ता सोडावी लागत नाही, फक्त तिची व्यवस्था कोण पाहील आणि उत्पन्न कोणाला जाईल ते ठरवून द्यायचं. भावाला द्या, हरकत नाही. मालकी तिचीच. आजीवन व्रतांच्या आधी मृत्युपत्र करायचं, देशाच्या कायद्यात टिकेल असं: सही आणि दोन साक्षीदार. आज जिला हक्कसोड द्यायला लावाल ती पोरगी पाचव्या वर्षी परत आली तर? बाहेर पडणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागायचा हक्क नाही (७०२ वं कलम). संस्थेनं न्यायानं, मायेनं वागावं असं तेच कलम म्हणते, पण ती मदत किती, हे संस्थेवर. मग तिच्याकडे ना पगार ना वावर. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की ती सहज मोकळी होते. मुदतीच्या मधात किंवा आजीवन व्रतांनंतर सुटका वरून घ्यावी लागते.

शाळेत, दवाखान्यात काम करून मिळालेला पगार मात्र संस्थेचा. हे आधी घरच्यांना समजावा, नाहीतर दुसऱ्या वर्षी 'पोरगी कमावते, घरी काहून नाही पाठवत' सुरू होते. आणि हुंडा? पूर्वी सिस्टरांसाठी असायचा, आजच्या कॅनन लॉमध्ये ती अट नाही. कपडे, चादर, पेटी याची यादी देतात, तेवढंच.

मोहाचं_झाड
संस्था खरी की खोटी हे कसं कळेल? पत्रकावर फोटो तर सगळेच छापतात.

जुनी_वही
बिशप हाऊसला विचारा. कोणतीही संस्था धर्मप्रांतात घर उघडते ते बिशपच्या लेखी संमतीनंच, म्हणून ऑफिसात नोंद असतेच. शिबिराला जाल तेव्हा हे विचारा: गेल्या पाच वर्षांत नोव्हिशिएटला किती आल्या आणि आज किती आहेत, फॉर्मेशनची भाषा कोणती, पदवीचं शिक्षण व्रतांआधी की नंतर, घरी फोन आणि सुट्टी किती, आजारपणाचा खर्च कोण करते, परत जाणारीला काय देता. उत्तर देताना चेहरा पडला तर समजून घ्या.

भाषेचं विशेष. मराठी माध्यमाची पोरं इंग्रजीत किंवा मल्याळममध्ये चालणाऱ्या घरात सहा महिने गप्प बसतात, मग गप्प बसणं 'मिसळत नाही' म्हणून अहवालात जाते. वर्षभर आधी इंग्रजी वाचन सुरू करा. पाचारण होतं, भाषेनं गेलं, असं व्हायला नको.

पराटीचं_बोंड
वहीवाल्यांच्या यादीत एक भर: आध्यात्मिक मार्गदर्शक आणि प्रमोटर एकच माणूस नको. प्रमोटर वाईट म्हणून नव्हे, त्याला त्याच्या संस्थेचंच पाचारण दिसणार म्हणून. ज्याचा कोणत्याही बाजूनं फायदा नाही असा फादर किंवा सिस्टर शोधा, महिन्यातून एकदा तासभर बसा, वही सोबत न्या. आत गेल्यावरही मनातलं सगळं सुपिरियरला उघड करायची सक्ती नाही, ६३० व्या कलमात सुपिरियरना तशी मनाई आहे. हे पोरांना माहीत नसते.

आणि एकाच संस्थेचं शिबिर करू नका. किमान दोन, तीही वेगळ्या कामाच्या. शाळेत सिस्टर पाहिली म्हणून शाळेचीच संस्था, असं आपोआप होते. कुष्ठरोग्यांत, खेड्यातल्या दवाखान्यात, मठाच्या शांततेत काम करणाऱ्यांना चार दिवस पाहिल्याशिवाय निवड झाली असं म्हणता येत नाही.

झेंडूचा_वाफा
नोव्हिशिएटमध्ये असताना घरी लग्न असलं, माय आजारी पडली तर सोडतात का? हे कोणी सांगितलं नाही.

कॅनन_भाऊ
सोडू शकतात, पण हिशोब लागतो. बाहेर राहिलेले दिवस १५ पेक्षा जास्त झाले तर ते भरून काढावे लागतात. सलग किंवा तुटक मिळून तीन महिन्यांच्या वर गेले तर नोव्हिशिएटच बाद, पुन्हा पहिल्यापासून. मायच्या आजारपणाला पाठवतात. चुलत भावाच्या लग्नाला मागू नका, सोंगणीला तर मुळीच नाही.

वैनगंगा_काठ
सगळ्यांचे आभार. ॲडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) आधी हे छापून पॅरिशच्या फलकावर लावतो. परिचारिका ताई, एचपीएलसी तालुक्याला होते का?

परिचारिका_०९
तालुक्याला बहुतेक ठिकाणी नाही, जिल्हा रुग्णालयात विचारा. सोल्युबिलिटीचा रिपोर्ट सोबत न्या आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट चुकते.